बारा नंबरची पेटी

सकाळचे आठ वाजत होते. पेटीमावशी पहिली बादली भरून शेडमध्ये आली, तेव्हा तिची सून नमुन्यांच्या पिशव्या शिवायला आधीच बसली होती आणि दोरा दातांनी तोडत होती.

“दातांनी तोडू नकोस गं. कात्री काय शोभेला ठेवलीय?”

“कात्री पलीकडे पडलीय, आई. वाकायला गेले तर मध्ये हा बसलेला.” सुनेने सातव्या महिन्याच्या पोटावर थोपटले. “आता उठून बसलाय. तुमच्या बादलीचा आवाज आला की लाथा सुरू.”

“माझ्यासारखाच आहे. कामाचा आवाज आला की झोप लागत नाही त्याला.”

“मुलगी असली तर?”

“मग तर लाथा आणखी जोरात मारेल.” मावशी हसली आणि बाही वर करून दगड धुवायला बसली.

ही शेड म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्रे. सोन्याचांदीच्या शिरा शोधण्यासाठी एका कंपनीने तो डोंगर घेतला होता. वर माथ्यावर तिचे यंत्र उभे होते. ते सरळ खाली भोक पाडी आणि मनगटाएवढ्या जाड दगडाच्या कांड्या वर काढी. त्या कांड्या धुवायच्या, ब्रशने चिखल काढायचा आणि लाकडी पेट्यांत ओळीने मांडायच्या, हे काम बायकांचे. एका पेटीत चार ओळी, एका ओळीत पाच फूट दगड; म्हणजे एक पेटी भरली की वीस फूट डोंगर भरला. जी कांडी आधी निघाली ती आधी, नंतरची नंतर. हा क्रम बिघडला तर सगळा नकाशा बिघडला. पेटीमावशीचा क्रम तीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. नवरा गेल्यावर याच कामावर तिने एक मुलगा वाढवला. तिचे खरे नाव आता तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हते.

प्रत्येक पेटीच्या पहिल्या कोपऱ्यात ती लाल खडूने एक बाण काढी. इथून सुरुवात, एवढाच त्याचा अर्थ. मागच्या वर्षी नवा साहेब आला आणि त्याला तो बाण खुपला. साहेब तरुण, मोठ्या परीक्षा पास झालेला, बोलायला अगदी गोड. “ही चित्रकला कुणाची, मावशी?” असे त्याने हसत विचारले आणि सगळे बाण ओल्या फडक्याने पुसायला लावले. “खुणा मी करीन. ते शिकलेल्या माणसाचं काम आहे.” पुढे त्याने आणखी एक नियम केला. तो पेट्या बघून वहीत लिहीत असेल तेव्हा बायकांनी शेडमध्ये थांबायचे नाही. गर्दीने त्याचे लक्ष विचलित होते म्हणे. गर्दी म्हणजे पेटीमावशी आणि आणखी सात जणी.

तर या साहेबाने वहीत लिहिले की दोनशे सदतीस फुटांवर पांढऱ्या गारेची, म्हणजे गारगोटीची, शीर आहे. तिच्यात चांदीच्या काळ्या रेघा आहेत, आणि जिथे अशा रेघा तिथे सोन्याची आशा. शीर आडवी पसरलेली. त्या पातळीवर डोंगराच्या कुशीतून बोगदा खणायला घेतला. बोगद्यात सगळ्यांच्या पुढे ड्रिल घेऊन उभा राही तो पेटीमावशीचा मुलगा. हिशेबाने शीर लागायला हवी होती त्याला आता तेवीस दिवस उलटले होते. रोज सुरुंग उडत होता आणि रोज तोच निर्जीव काळा दगड बाहेर येत होता.

चहाच्या सुट्टीत मुकादम शेडमध्ये आला. बरोबर चार गडी होते. मागे, पत्र्याच्या खांबाला टेकून, मावशीचा मुलगा उभा होता. त्याला बघितल्याबरोबर मावशीने हातातले काम खाली ठेवले.

“मावशी,” मुकादम म्हणाला, “तुम्हाला सगळं माहीतच आहे. मी नव्याने काय सांगू?”

“तू सांग. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“माणसं आत जायला तयार नाहीत. म्हणतात, पुढच्या माणसाच्या घरात पोटुशी बाई आहे, तोवर डोंगर काही देणार नाही.” त्याने सुनेकडे बघितले नाही. आल्यापासून एकदाही बघितले नव्हते. “चार दिवस वर बसू दे तिला. मला काय हौस आहे का?”

वर बसवणे म्हणजे काय, ते वाचकांना सांगितले पाहिजे, कारण त्या माणसांनी शब्द फार साळसूद निवडला आहे. खाणीच्या कामावरच्या लोकांत एक समज आहे. डोंगराला म्हणे गर्भार बाईचा मत्सर वाटतो. घरात अशी बाई असली की त्या घरचा माणूस शोधायला आला तरी डोंगर आपले सोने दडवतो. मग त्या बाईला वस्तीबाहेर टेकडीवर, सुरुंगाची दारू ठेवायच्या जुन्या कोठीत नेऊन ठेवतात. शीर लागेपर्यंत किंवा ती बाळंत होईपर्यंत. कोठी दगडी. खिडकी नाही. दार लोखंडी, आणि कडी बाहेरून, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून! आत अजून जुन्या दारूचा उग्र वास. निरोगी माणसाचे डोके तासाभरात ठणकायला लागते. घरच्या एका बाईने दिवसातून एकदा उंबऱ्यावर डबा ठेवायचा आणि माघारी फिरायचे. आत पाऊल टाकायचे नाही, तिला शिवायचे नाही. पेटीमावशीने तीस वर्षांत चार जणींना वर जाताना पाहिले होते. त्यांतली एक परत आली ती कायमची अबोल होऊन. एक आलीच नाही. आणि या सगळ्याला ते ‘चार दिवस बसणे’ म्हणतात, जणू बाई माहेरी चालली आहे.

सुनेने शिवण खाली ठेवली. ती मुकादमाशी बोललीच नाही. तिने खांबाला टेकलेल्या नवऱ्याकडे बघितले.

“तुम्ही बोला ना काहीतरी.”

मुलगा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. कठीण दगडात रोज सहा फूट भोक पाडणारा तो धिप्पाड गडी. “चारच दिवस,” तो म्हणाला. “सगळे माझ्याकडे बघतात गं. डबा उघडला तरी माझ्या शेजारून उठून जातात.”

“आणि मला एकटीला कोंडलं की बसतील का तुमच्या शेजारी?”

“चारच दिवस,” तो पुन्हा म्हणाला. एवढेच त्याला पाठ झाले होते.

सून उठली आणि तडक साहेबाच्या खोलीकडे चालू लागली. तिला वाटले, हा शिकलेला माणूस आहे. भिंतीवर नकाशे आहेत, टेबलावर भिंग आहे. डोंगराला मत्सर नसतो हे त्याला तरी माहीत असणार. तिने दारातूनच हात जोडले. “साहेब, तुम्ही एक शब्द टाका. तुमचं ऐकतील ते.”

साहेब खुर्चीतून उठला. तिला बसायला स्टूल दिले, पाणीसुद्धा विचारले. मग म्हणाला, “हे बघा ताई, व्यक्तिशः मला हे अजिबात पटत नाही. पण मी लोकांच्या श्रद्धेत पडत नाही. उद्या कामगारांनी काम बंद केलं तर वर मला जाब द्यावा लागेल. तुम्ही समजून घ्या.”

व्यक्तिशः पटत नाही! या तीन शब्दांमागे किती माणसे लपून बसतात! मुकादमाला निदान खरोखर वाटत होते की डोंगर रुसला आहे. या गृहस्थाला काहीच वाटत नव्हते, आणि तरीही तो बाजूला सरकला. अडाणीपणाला औषध आहे, या सुशिक्षित सभ्यपणाला काय औषध करायचे?

दुपारी सुनेला वर नेले. मावशीने बरोबर दोन गोधड्या, पाण्याची कळशी आणि आपली स्वतःची लोकरी शाल दिली. दाराशी सून तिला म्हणाली, “आई, तुम्ही तरी रोज येऊन दोन शब्द बोलत जा हां. मला अंधाराची भीती वाटते.” मावशीने मान हलवली. मग मुकादमाने कडी घातली आणि सगळे खाली उतरले. मुलगा सर्वांच्या पुढे, भराभर.

दुसऱ्या दिवशी साहेबाने मावशीला बोलावले. शीर लागत नाही म्हणून त्याच्याही पायाखालची जमीन सरकू लागली होती. “दहा ते तेरा नंबरच्या पेट्या खाली काढा. झाकणं उचला. मला पुन्हा एकदा नमुना कापायचाय.” लिहून झाल्यावर त्या पेट्या खिळे ठोकून रचून ठेवल्या होत्या. त्यानंतर मावशीने त्या प्रथमच उघडल्या.

तिने दहा नंबर उघडली, अकरा उघडली, बारा उघडली. आणि हातातली पक्कड तशीच राहिली.

दगडाच्या कांडीची तुटलेली टोके कधी सरळ नसतात. एकीला खाच असते, दुसरीला त्या खाचेत बसणारे टोक असते. फुटलेल्या बशीचे तुकडे जुळतात तशी ती जुळतात. मावशीचा हात वर्षानुवर्षे न बघता ही टोके जुळवत आला होता. अकरा नंबरच्या शेवटच्या कांडीपुढे बारा नंबरची पहिली कांडी नीट बसायला हवी होती. बसत नव्हती. एकीचे टोक तिरके, दुसरीचे बोथट. साहेबाने त्या पहिल्या कांडीपाशी ठोकलेल्या पट्टीवर मात्र ऐटीत आकडा होता, दोनशे वीस.

मावशीने आजूबाजूला पाहिले. मग बारा नंबरची पेटी दोन्ही हातांनी उचलून गर्रकन फिरवली, डोक्याकडचे पायाकडे. आता जी कांडी पुढे आली ती तिने अकराच्या शेवटच्या कांडीला लावली. टक्‌ असा बारीक आवाज झाला आणि दोन कांड्यांची एक कांडी झाली. मधली चीर बोटालाही लागेना.

तिला सगळे कळले. हमालांनी ती पेटी टेबलावर उलटी ठेवली असणार. बाण असता तर साहेबाच्या लक्षात आले असते. बाण त्याने पुसायला लावले होते. मावशी शेडमध्ये असती तर ओरडली असती. तिला त्याने बाहेर काढले होते. त्याने पेटी शेवटाकडून वाचली आणि शिकलेल्या माणसाच्या सुरेख अक्षरात चुकीचे आकडे लिहिले. पांढरी गार पेटीच्या तिसऱ्या फुटावर होती. त्याने ती सतराव्यावर लिहिली. बोगदा शिरेच्या चौदा फूट खालून चालला होता. वर सोने आणि चांदी होती तिथेच होती, कुठे पळाली नव्हती, कुणावर रुसली नव्हती. आणि तिची सून अंधारात बसली होती.

मावशी धावतच साहेबाच्या खोलीत गेली. साहेब आला, वाकला, स्वतःच्या हाताने कांड्या जुळवून बघितल्या. दोनदा. मग तो मावशीला घेऊन आपल्या खोलीत परत गेला.

“आत्ताच्या आत्ता सांगा मुकादमाला,” मावशी म्हणाली. “मी जाते वर, पोरीला आणते.”

“मावशी, थांबा. जरा शांतपणे विचार करा.” त्याने दार लोटून घेतले. “हे बाहेर पडलं तर माझं काय व्हायचं ते होईल, ते सोडा. पण कंपनी म्हणेल, यांची सगळी नोंदच खोटी आहे. काम बंद करतील. एवढी घरं रस्त्यावर येतील. तुमचा मुलगासुद्धा. त्यापेक्षा मी आजपासून बोगदा वरच्या अंगाला वळवतो. आठ दिवसांत शीर लागेल. शीर लागली की तुमची सून आपोआप खाली. कुणाचंच नुकसान नाही.”

“आणि ती तोवर?”

“आठ दिवस, मावशी. फक्त आठ.”

मावशी उभी राहिली. काय करायला हवे होते ते मी इथे बसून सहज लिहू शकतो. पण तीस वर्षे जिला कुणी ‘तुला काय वाटते’ असे विचारले नव्हते, तिला साहेबाने आज खोलीत घेऊन, दार लोटून, अजिजीने विनवले होते. तिला मुलाची नोकरी दिसली. तिला वाटले, आठ दिवस म्हणजे काय, निघून जातील. तिने तोंडाला कुलूप लावले. चूक केली. मोठी चूक केली.

दुपारी ती डबा घेऊन वर गेली. कडी काढून उंबऱ्यावर डबा ठेवला. आतून सुनेचा आवाज आला. “आई, डोकं फार दुखतं हो. मळमळतं. काल रात्रीपासून बाळाने लाथ मारली नाही.”

“मारेल. दमला असेल तो. तू आणखी आठ दिवस काढ पोरी.”

“आठच का? कुणी सांगितलं आठ?”

“माझं मन सांगतं,” मावशी म्हणाली आणि कडी घातली.

पुढचे पाच दिवस ती रोज गेली आणि रोज दोन शब्द बोलली. बाळाने मधूनमधून लाथ मारली असे सून सांगे. खाली बोगदा वर वळला होता. साहेबाने गड्यांना सांगितले होते की आपल्याला नवी दिशा सुचली आहे. पेट्यांना पुन्हा खिळे ठोकले होते, आणि वहीतल्या आकड्यावर एक पांढरी चिकटपट्टी लावून वर नवा आकडा लिहिला होता. हे सगळे त्याने व्यवस्थित केले. फक्त टेकडीवर पाव तासाची वाट चढून जाणे त्याला जमले नाही.

कोंडल्यापासून आठव्या दिवशी सकाळी मावशीने कडी काढली तेव्हा आतून आवाज आला नाही. ती उंबरा ओलांडून आत शिरली. काय पाहिले ते मी लिहिणार नाही. ते सांगण्याचा हक्क माझा नाही. एवढेच लिहितो की सून जिवंत होती. मुलगी झाली होती; ती जिवंत नव्हती.

मावशीच्या हाकेने शेडमधल्या बायका धावल्या. त्यांनी सुनेला गोधडीच्या झोळीत घालून खाली आणले. त्या उतरत असतानाच बोगद्यात सुरुंग उडाला. धूर ओसरल्यावर आतून आरोळी आली. पांढरी गार लागली होती, आणि तिच्यात शाईने ओढाव्या तशा काळ्या रेघा होत्या. गडी एकमेकांना मिठ्या मारत बाहेर आले. झोळी त्यांच्यासमोरून गेली. त्यांनी वाट दिली. मग त्यांच्यातला एक जण दबल्या आवाजात, अगदी भाविकपणे म्हणाला, “बघितलं? ती मोकळी झाली आणि डोंगराने दिलं.”

दुसऱ्याने मान डोलावली. तिसऱ्याने मावशीच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला. “तुझ्या घराने मोठं दिलं रे सगळ्यांसाठी.”

संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती हेच बोलत होती. एक निष्पाप जीव गेला, आणि त्या जिवाचा त्यांनी पुरावा केला! त्या समजाला आता आणखी पन्नास वर्षांचे आयुष्य मिळाले होते. आणि साहेब आपल्या खोलीत बसून कंपनीला कळवत होता की अचूक अभ्यासामुळे शोध यशस्वी झाला आहे.

तीन दिवसांनी कंपनीचे मोठे साहेब शीर बघायला आले. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या, चहा ठेवला, सगळ्यांना गोळा केले. साहेब नकाशा दाखवत होता. तेवढ्यात पेटीमावशी पुढे आली. तिच्या दोन हातांत दगडाच्या दोन कांड्या होत्या, आणि मागून दोन बायका बारा नंबरची पेटी उचलून आणत होत्या.

“मावशी, नंतर,” साहेब म्हणाला.

“नंतर नाही. नंतर करता करता माझी नात गेली.”

तिने एक कांडी मुकादमाच्या हातात दिली. “तू दगडात जन्म काढलास. मला सांग, ही अकरा नंबरची शेवटची. आणि ही बारा नंबरची, साहेबांनी पहिली म्हणून लिहिलेली. जुळव.”

मुकादमाने टोके जुळवली. “जुळत नाहीत.”

“आता ही घे. साहेबांनी शेवटची म्हणून लिहिलेली.”

मुकादमाने ती लावली. टोके एकमेकांत बसली. तो बराच वेळ कांडी फिरवून बघत राहिला. चीर सापडेना. त्याच्या पिढीजात हातांना खोटे बोलता येत नव्हते.

“पेटी उलटी वाचली,” मावशी म्हणाली. “शीर चौदा फूट वर होती. माझी सून जन्मायच्या आधीपासून तिथेच होती. डोंगर रुसला नव्हता रे. साहेब चुकले होते. आणि मी त्यांना सांगितलं होतं. पोरीला कोंडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. वही मागा, चिकटपट्टी खरवडून बघा. ते गप्प बसले नोकरीसाठी. मी गप्प बसले मुलासाठी. आणि तुम्ही आता म्हणता, ती मोकळी झाली म्हणून डोंगराने दिलं?”

मुकादमाच्या हातातून कांडी गळून पडली. मावशीचा मुलगा साहेबाच्या अंगावर धावून गेला. चौघांनी त्याला धरले. तो ओरडत होता, आणि ते ओरडणे ऐकून मावशीला वाटले, यातले निम्मे ओरडणे दहा दिवसांपूर्वी याच शेडमध्ये झाले असते तर बरे झाले असते.

मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितले. घडले ते दुःखद आहे, म्हणाले. पण हा कामगारांचा घरगुती प्रश्न आहे आणि नोंदीतली दुरुस्ती ही कार्यालयीन बाब आहे. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये. महिन्याभरात आपल्या साहेबाची बदली झाली. नव्या ठिकाणी त्याच्या हाताखाली तिघे आहेत असे कळते. तुम्हाला शिक्षेची अपेक्षा होती का? मलाही होती.

मोठे साहेब आले होते त्या दिवशी मावशी घरी आली तेव्हा सून भिंतीला टेकून बसली होती. नवऱ्याने घरी येऊन सगळे सांगितले होते.

“दुसऱ्या दिवशीच कळलं होतं तुम्हाला?” सुनेने विचारले.

“हो.”

“मग तुम्ही रोज येत होता, कडी काढत होता, डबा ठेवत होता. हातात कडी होती तुमच्या.”

“हो, पोरी.”

“मला वाटायचं, सगळ्यांत तुम्ही एकट्या माझ्या आहात.” सून रडली नाही. तिने तोंड भिंतीकडे वळवले. मावशीने तिच्या पायांवर डोके ठेवले, तर तिने पाय ओढून घेतले. त्या दिवसापासून ती सासूशी कामापुरते बोले. नवऱ्याशी तेवढेही नाही. शहाण्या माणसांनी तिला समजावले की आता झाले गेले विसरून जावे. विसरायला सांगणारे नेहमी तेच असतात ज्यांचे काही गेलेले नसते.

सहा महिन्यांनी शीर बारीक होत होत एका काळ्या भिंतीशी संपली. पुढे कुठे गेली ते शोधायला नवी भोके पाडायला घेतली. महिनाभर काही लागेना. या खेपेला बोगद्यात पुढे होता सुरुंगवाला, आणि त्याची बायको पाचव्या महिन्यात होती. तीही शेडमध्ये कांड्या धुवत असे.

तुम्हाला वाटेल की त्या दोन कांड्या जुळलेल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आता कोण तोंड उघडणार? उघडले. मुकादम आला नाही, पण चार गडी आले. म्हणाले, ती पेटीची गोष्ट खरी असेल, पण म्हणून जुनं सगळंच खोटं कसं? चार दिवस बसायला काय हरकत आहे?

पेटीमावशी हातातला ब्रश घेऊन उठली. पण ती बोलायच्या आत सून उठली. इतक्या महिन्यांत शेडमध्ये कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता.

“या, बसा,” ती त्या चौघांना म्हणाली. “चार दिवस बसायला काय हरकत आहे, ते मी सांगते. मी आठ दिवस बसून आलेय. मला कुणी विचारलंच नाही अजून.”

“तसं नाही वहिनी, आम्ही आपलं...”

“बसा म्हटलं ना.”

ते बसले. सुनेने सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दारूच्या वासाने कशी उलटी झाली आणि ती कुठे करावी कळेना, इथून. कळा सुरू झाल्या तेव्हा तिने दार किती वेळ वाजवले. हात सुजल्यावर काय घेऊन वाजवले. खाली वस्तीतल्या माणसांचे बोलणे, हसणे वर कसे स्पष्ट ऐकू येत होते. मुलगी जन्मली तेव्हा एकदा रडली होती, हे तिने सांगितले. हे आजवर सासूलाही माहीत नव्हते. नाळ कशाने कापली ते सांगितले. ती किती वेळ जिवंत होती ते सांगितले. तिला उजेडात बघता आले नाही, म्हणून बोटांनी चाचपून तिचे नाक-डोळे कसे पाहिले तेही सांगितले. आवाज चढवला नाही, एक शब्द गाळला नाही. मध्येच एक गडी उठू लागला, तर ती थांबली, आणि तो पुन्हा खाली बसेपर्यंत थांबली. पेटीमावशी ब्रश छातीशी धरून उभी होती. तिच्याकडे सुनेने एकदाही पाहिले नाही, आणि तिला वगळलेही नाही. कडी कोण घालत होते तेही तिने सांगितले.

सांगून झाल्यावर तिने सुरुंगवाल्याच्या बायकोला हात धरून पुढे आणले आणि त्या चौघांसमोर उभे केले.

“ऐकलंत ना सगळं? आता घेऊन जा हिला.”

चौघांपैकी कुणीही उठले नाही. बऱ्याच वेळाने सुरुंगवाल्याच्या बायकोने आपला हात सोडवून घेतला, बादलीपाशी गेली आणि राहिलेल्या कांड्या धुवायला बसली.